पहाटेचा पहारा

"बद्रीशेठ, तुमचं रिव्हॉल्वर काय पाय फुटून पळून चाललंय का? बसा की घडीभर बाकावर."

सुलेखा साळवे हवालदारांनी जाळीच्या दाराआडूनच आवाज दिला आणि व्हरांड्यातली रांग हसली. बद्रीनाथ शेठ शहागंजातले कापडाचे व्यापारी. आपल्यापुढं कोणी उभं राहिलं की त्यांचा जीव कोंडायचा.

"मॅडम, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय हो."

"गिऱ्हाइकाला काय गोळी घालायचीय? मग रिव्हॉल्वरावाचून अडलं कुठं?"

पुन्हा हशा पिकला. शेठ स्वतःही हसले आणि मुकाट्यानं बसले.

शहर मागं पडून फुलंब्रीचा रस्ता लागतो, त्या रस्त्यावरचं हे ठाणं. निवडणूक जाहीर झाली की आसपासच्या परवानाधारकांनी आपापली हत्यारं इथं आणून ठेवायची आणि निकाल लागून आचारसंहिता उठली की पावती दाखवून परत न्यायची, असा शिरस्ता. हत्यारांच्या खोलीची किल्ली सुलेखाबाईंच्या कमरेला असे. खात्यात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. या किल्लीवर त्यांचा जीव होता म्हटलं तरी चालेल. बंदूक आली की तिला चिठ्ठी बांधायच्या, नळीतून तेलाचा बोळा फिरवायच्या आणि ते करता करता मालकाच्या घरची खुशाली विचारायच्या. गाडीवरचा ड्रायव्हर कडुबा तर या खोलीला 'साळवेताईंची बालवाडी' म्हणायचा. "पालक सोडून जातेत, सुटी झाली की घ्यायला येतेत. एक पोरगं रडत नाय, हे लई बरंय."

दुपार व्हायला आली. बद्रीशेठ गेले, दौलताबादचे दोघे भाऊ आपली दुनळी घेऊन गेले. रांग विरळ झाली तेव्हा सुलेखाबाईंच्या ध्यानात आलं, की मागच्या बाकावर बोरदरीचे आप्पासाहेब सकाळपासून तसेच बसून आहेत. त्यांची पाळी आली की ते शेजारच्याला म्हणत, "तुमी व्हा पुढं, तुमाला लांब जायाचंय." खरं तर सगळ्यात लांबचं गाव त्यांचंच होतं. फुलंब्रीच्याही पलीकडं, डोंगराच्या कुशीत.

"आप्पा, या की! आज काय मुक्काम करायचा इचार हाय का?" सुलेखाबाईंची भाषा म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आपोआप माहेरच्या वळणावर जायची. "आणि काकू कुठं हायेत? गेटवर बसवलं काय त्यांना?"

बंदूक जमा करायला आले होते तेव्हा सरूबाई बरोबर होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी पदर खोचला होता आणि भर ठाण्यात सांगितलं होतं, "बाई, ही माझी सवत. लगीन झाल्यापासून माझ्या खाटंखाली निजती. ठिवून घ्या तुमच्याकडंच, मला जरा निवांत झोपू द्या."

"आन् डुकरं कोण हाकलंल?" आप्पा म्हणाले होते.

"तुमच्या बंदुकीनं आजवर एक तरी डुक्कर मेलंय का? माझ्या आवाजानंच पळतेत ती."

त्या दिवशी ठाणं कितीतरी वेळ हसत होतं.

आता आप्पांनी मान वर केली. "ती गेली, बाई."

"कुठं?" सुलेखाबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनी आप्पांच्या टोपीकडं नीट पाहिलं. टोपीखाली नुकतेच फुटलेले पांढरे खुंट होते. मिशी नव्हती. पोटी मुलगा नाही. अग्नी त्यांनीच दिलेला.

"कापूस येचता येचता सरीत बसली. मला वाटलं, दम खाऊ राहिली. मी म्हणलं, ऊठ, ऊन डोक्यावर आलं. उठलीच नाय."

सुलेखाबाई जाळीचं दार ओढून बाहेर आल्या आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. आप्पांनी पिशवीत हात घालून फडक्यात बांधलेली चिनीमातीची बरणी काढली.

"लोणचं हाय. तिच्या हातचं. मागं तिनं तुमाला फोड दिल्ती तवा तुमाला गोड लागली, असं लई दिवस सांगत व्हती. घरात आता खाणारं कोण हाय?"

"बरणी आणून देते हो आप्पा मी, पुढच्या खेपंला."

"बरणी बी राहू द्या."

एवढंच बोलणं. पण सुलेखाबाई सावध झाल्या. त्या खेड्यात वाढलेल्या. लोणचं द्यावं, तूप द्यावं, सणाला पुरणाचा डबा द्यावा. पण भांडं कोणी सोडून देत नाही. भांडं परत यायचं असतं, आणि येताना रिकामं यायचं नसतं. त्यात मूठभर साखर तरी यावी लागते. त्या येण्याजाण्यावरच तर शेजार टिकतो. ज्याला बरणीच परत नको, त्याला पुढची खेपच नको.

"रान काय म्हणतंय?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शेजारच्या पुंजारामला बटईनं दिलं, अर्ध्या वाट्यानं. उभ्या कापसासकट."

"आन् बैलं?"

"त्याच्याच दावणीला." मग आप्पांनी विचारलं, "बाई, काडतुसं बी आजच भेटतील ना? पावतीवर लिव्हलेली हायेत."

"भेटतील की. किल्ली साहेबांकडं राहिली. आणते, बसा."

किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि त्या उठल्या तशी वाजली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, सुलेखाबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पुन्हा जमिनीकडं बघत बसले.

निरीक्षक इंद्रजीत मोहिते टेबलावर कोपर टेकून फोनवर बोलत होते. वय फार नाही, पण निवडणुकीच्या बंदोबस्तानं डोळ्यांखाली काळं आलेलं. फोन ठेवल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही.

"ताई, परवाना चालू आहे?"

"चालू आहे."

"गुन्हा? तक्रार? भावकीत वाद?"

"काहीच नाही, साहेब. स्वच्छ माणूस. चौकशीच्या नमुन्यात बसवला तर शंभर नंबरी सोनं."

"मग अडवायचं कशाच्या आधारावर? लोणच्याच्या बरणीच्या?"

त्यांनी हे टिंगलीनं विचारलं नव्हतं, म्हणून सुलेखाबाईंना राग आला नाही.

"साहेब, आपण परवान्याची चौकशी करतो तेव्हा विचारतो, हा माणूस दुसऱ्याच्या जिवावर उठेल का. स्वतःच्या जिवावर उठेल का, ते कुठंच विचारत नाही. आता सगळं ऑनलाइन झालं, कायद्याची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले. हा प्रश्न तेव्हाही नव्हता, आताही नाही. माझ्या खोलीत दोन भिंती आहेत. एका भिंतीला जमा झालेल्या बंदुका, दुसऱ्या भिंतीला गुन्ह्यातल्या. गुन्ह्यातले ते गावठी कट्टे. त्यांची सरकारदरबारी नोंदच नव्हती. पण परवान्याची बंदूक या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली, ती बहुतेक वेळा मालकावरच चाललेली. मीच चिठ्ठ्या बदलल्यात त्यांच्या."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुमचं खरं आहे. पण नुसत्या शंकेवर माणसाची वस्तू अडवायची मुभा मला दिली, तर उद्या माझ्याजागी येणारा कुणाकुणाचं काय काय अडवेल, याचाही विचार करा. कायदा थोडा आंधळा असतो तो त्यासाठीच." मग त्यांना काहीतरी सुचलं. "शेतसंरक्षणाचा परवाना ना? शेत तर बटईनं गेलं. गरज उरली नाही, असा अहवाल पाठवा. परवाना रद्द होईल. विषय संपला."

"हे मला बाकावरच सुचलं होतं, साहेब."

"मग?"

"बंदूक त्यांच्या वडिलांची. बायको गेली, बैलं गेली. त्यात पोलिसांनी बापाची बंदूक ओढून घेतली, असं झालं तर ज्याला आपण भितोय ते आपल्याच हातानं होईल. विहिरीला काय परवाना लागत नाही."

साहेबांनी टोपण पुन्हा पेनाला लावलं.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी पाहिजे," साहेब शेवटी म्हणाले. "वरून विचारणा आलीय. तोवर तुम्हाला जे सुचेल ते करा. मी बघत नाही."

सुलेखाबाई परत आल्या त्या जेवणाचा डबा घेऊनच. "किल्ली सापडंना आप्पा. तवर दोन घास खाऊ."

"मला नको, बाई. पोट भरलेलं हाय."

"सकाळपासून बाकावर बसून कशानं भरलं? हवेनं?" त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, बरणीचं फडकं सोडलं आणि झाकण उघडलं. मोहरीचा आणि हिंगाचा वास व्हरांडाभर झाला. "ह्या घरचं लोणचं हाय, मग घरच्या माणसानं वाढायला पाहिजे. वाढा."

आप्पांनी हात मागं घेतला. पण वाढायला सांगितल्यावर नाही म्हणणं त्यांच्या रीतीत नव्हतं. त्यांनी सुलेखाबाईंच्या भाकरीवर दोन फोडी ठेवल्या, स्वतःच्या भाकरीवर एक. तेवढ्यात कडुबा गाडीच्या चाकांतली हवा बघून आला आणि न बोलावता पंगतीत बसला.

"आप्पा, तुमच्या गावचा सप्ताह आज बसला ना? काल्याच्या दिवशी बंदोबस्ताला गाडी माझीच हाय."

"बसला सकाळी."

"मंग तुमी इथं काय करू राहिले? बोरदरीचा पहाटंचा विणेकरी पोलीस ठाण्यात! कोणती कलमं लावली वं ताई ह्यांना?"

आप्पा हसले नाहीत. "मीच नाव काढाय सांगितलं औंदा."

ज्यानं हरिनाम सप्ताह पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी मंडपात वीणा उभी राहते ती शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होईपर्यंत भुईला टेकत नाही. दिवस नाही, रात्र नाही. एकाचा पहारा सरला की दुसरा येतो, पाया पडतो, गळामिठी होते आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. येणारा आलाच नाही, तर आधीचा तसाच उभा राहतो. पाय भरून आले तरी, झोपेनं डोळे मिटले तरी. कीर्तनकार कितीही नामांकित असो, मंडप भरलेला असो की रिकामा, त्या एका उभ्या माणसावर सगळा सप्ताह तोललेला असतो. त्यातला पहाटेचा पहारा सगळ्यांत अवघड. थंडी मी म्हणत असते आणि ऐकायला देवाशिवाय कोणी नसतं. बोरदरीत तो पहारा आप्पांचा. इतका त्यांचा, की दुसरं कोणी तो घ्यायचं नावही काढत नसे.

"मग कोण घेणार औंदा?" सुलेखाबाईंनी विचारलं.

"घेईल कोणी बी. पोरं हायेत."

"पोरं!" कडुबानं भाकरीचा तुकडा तोडला. "पोरं पहाटं मोबाईल बघून झोपतेत, आप्पा. उठतेत कुठं?"

"मला तरी कोण उठवणार हाय?" आप्पा एकदम म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण कडुबाचा घास हातातच राहिला. "ती उठवायची. पाणी तापवून, धोतर काढून ठिवायची. कंदील घेऊन मंडपापर्यंत यायची. मी विणा घेतली का मंग माघारी जायाची. आता पहाटं जाग तर येती. उठून काय करायचं, ते समजत नाय."

सुलेखाबाईंच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. सप्ताह त्यांच्या घरचा नव्हे. पण बंदोबस्ताच्या निमित्तानं त्यांनी किती तरी काले पाहिले होते, मंडपाच्या मागं चपलांच्या ढिगाजवळ उभं राहून. आणि तिथून त्यांना नेहमी तो वीणेवाला दिसायचा. बदली आल्याशिवाय संत्री जागा सोडत नाही, हे त्या भरतीपासून शिकलेल्या. त्यामुळं बाकी काही कळो न कळो, त्या माणसाचं उभं राहणं त्यांना आतून कळायचं.

त्यांनी हात धुतले. "चला आप्पा. किल्ली सापडली."

खोलीत एक उंच खिडकी आणि तेलाचा वास. भिंतीला आता एकच बंदूक उरली होती. बाकीच्या मालकांनी आपापल्या कातडी, रेक्झिनच्या म्यानांतून नेल्या. ही मात्र एका लांबड्या कापडी खोळीत होती, गोधडीसारखी शिवलेली. हिरव्या लुगड्याचा तुकडा, त्याला जांभळा काठ, मग विटकरी, मग पुन्हा हिरवा. सगळ्यावर धावदोऱ्याचे बारीक, सरळ टाके.

सुलेखाबाईंनी ती काढली, पण हातात दिली नाही. दोन्ही हातांनी आडवी धरून उभ्या राहिल्या.

"आप्पा, रान नाय, बैलं नाय. बंदुकीनं राखायचं काय हाय तुमाला?"

आप्पा खोळीकडंच बघत होते.

"मी पोलीस म्हणून नाय इचारत. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?"

हा प्रश्न असा सरळ, नावानिशी कोणी विचारील, असं त्यांना वाटलं नसावं. लेकीनं विचारला नव्हता. तेराव्याला आलेल्या शंभर माणसांनी 'धीर धरा' म्हटलं होतं, पण विचारलं नव्हतं. आप्पांनी टोपी काढली, खुंटांवरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

"येतं. मंग जातं." ते म्हणाले. "पहाटं येतं."

सुलेखाबाईंनी मान हलवली. आप्पांनी पुढं होऊन खोळीवर अंगठा टेकला आणि एका टाक्यावरून पुढच्या टाक्यावर नेत राहिले, आंधळा माणूस चाचपतो तसे.

"हे तेवढं मला द्याल का, बाई? तिची लुगडी तेराव्याला वाटली. दोन तनुजानं नेली. लेकच ती, नेणारच. घरात तिचा टाका म्हणून कुठं राहिला नाय. गोधड्या बी वाटल्या, मीच म्हणलं, वाटा. मंग एक दिवस ध्यानात आलं, का ही तुमच्याकडं हाय. पण पोलीस ठाण्यात येऊन बायकोची चिंधी मागायची म्हणजे... म्हणून म्हणलं, बंदूकच मागावी."

"म्हणजे बंदूक नको होती?"

आप्पांनी खोळीवरचा हात काढला. खोटं बोलायची सोय होती. "ती बी पाहिजे व्हती. देवाच्या सप्ताहात खोटं कशाला बोलू?"

सुलेखाबाईंनी नाडी सोडली. खोळ काढून घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. उघडी एकनळी पुन्हा भिंतीला उभी केली.

"आता माझं ऐका. ही तुमच्या मर्जीनं इथं राहील. मी हिसकावून घेतली नाय आन् तुमी हरला नाय. काला झाल्यावर या, आपण परत बोलू. परवाना तुमच्या नावावर हाय, तो कुठं जात नाय. पण तनुजाला मी फोन करणार."

"तिला कामून घोर लावता? तिचं लेकरू लहान हाय."

"बापाचा घोर हा लेकीचा हक्क हाय, आप्पा. तो तुमी लपवून ठिवला तर उद्या ती कोणाला इचारील?"

आप्पांकडून नंबर घेऊन सुलेखाबाईंनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. तनुजा शहरातच, सिडकोत राहायची. फोनवर आधी रडणं, मग "मी उद्याच श्रेयाला घेऊन येते, आठ दिवस राहते" असं तिनं सांगितलं. आप्पांना नातीचा आवाज ऐकू आला तसे ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

"आन् पहारा?" फोन बंद करून सुलेखाबाई म्हणाल्या. "नाव काढाय सांगितलं, ते परत घाला."

"उठवणार कोण?"

"मी. फोन करीन."

"तुमी? पहाटं?"

"पोलिसाच्या नोकरीत झोपंचा कोणता हिशेब असतो? फक्त उचला. नाय उचलला तर कडुबाला गाडी घेऊन धाडीन, सायरन वाजवत. मंडपात शोभा होईल तुमची."

आप्पांच्या ओठाचा कोपरा हलला. मिशी असती तर कदाचित दिसलंही नसतं.

बंदूक ठाण्यातच ठेवायची तर तसा अर्ज लागतो, आणि अर्जात कारण लागतं. सुलेखाबाई पेन धरून बसल्या. दुःख लिहावं तर ते कायमचं कागदाला चिकटलं असतं. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कोण्या परक्या माणसानं ते वाचून भुवई उंचावली असती. त्यांनी लिहिलं, 'गावी सप्ताह असल्याने अर्जदारास सवड नाही.' आप्पांनी खाली सही केली.

मोहिते साहेबांनी तो अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "सवड नाही?"

"नाही, साहेब. पहाटेचा पहारा आहे त्यांना."

"वर काय सांगू? एक हत्यार शिल्लक का म्हणून विचारतील."

"सांगा, मालक कामात आहे."

साहेबांनी सही केली. अर्ज परत देताना ते म्हणाले, "ताई, तो प्रश्न एकदा लिहून द्या मला. चौकशीच्या नमुन्यात नसेल, पण आपल्या ठाण्यात तरी विचारत जाऊ."

आप्पा निघाले तेव्हा ऊन कलंडलं होतं. खोळ त्यांनी काखेत धरलेली. फाटकावरच्या संत्र्यानं गमतीनं अडवलं, "काय बाबा, बंदूक ठेवून नुसती पिशवीच घेऊन चालले?"

"घरचं हाय," आप्पा म्हणाले, आणि काळी-पिवळी जीपला हात दाखवायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

त्या रात्री झोप लागणार नाही असं सुलेखाबाईंना वाटलं होतं, पण लागली. गजर झाला तेव्हा दचकून उठल्या. बाहेर अजून अंधार विरायचा होता. शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा सम्यक अभ्यास करता करता पुस्तकावरच झोपलेला. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

रिंग वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली.

दुसऱ्यांदा लावला. पुन्हा तेच. त्यांनी ओट्याची कड धरली. काल सगळं नीट केलं असं वाटत होतं. आता एकेक गोष्ट उलटी होऊन समोर यायला लागली. म्हाताऱ्याला एकट्याला कसं जाऊ दिलं? तनुजा आज येणार, म्हणजे मधली एक रात्र मोकळी सुटली. बंदूक अडवली म्हणून आपण निवांत झालो, पण विहिरीचं साहेबांना आपणच सांगितलं होतं ना? कडुबाचा नंबर काढता काढता त्यांनी तिसऱ्यांदा लावला.

कोणीतरी उचलला. बाईचा आवाज. मागं कसलासा गलका.

"कोण बोलतंय?"

"मी पोलीस... मी सुलेखा. हा आप्पांचा फोन ना? आप्पा कुठं आहेत?"

"मी पारूबाई, शेजारीण त्यांची. फोन माझ्यापाशी ठिवाय दिलाय. मंडपात चुलीवर चहा ठिवलाय, आवाज नाय आला माय. आप्पा ते काय, समोर उभे हायेत."

"त्यांना द्या ना जरा."

"कसं देऊ? विणा हाय न् गळ्यात! खाली ठिवता येत नाय ती. बदलीचा माणूस आला का लावाय सांगते."

सुलेखाबाई ओट्याला टेकल्या. "कधीपासून उभे आहेत?"

"रातचे इथंच येऊन पडले व्हते, मंडपाच्या खांबापाशी. घरी गेलेच नाय. म्हणले, जाग नाय आली तर पंचाईत. पहाऱ्याच्या आधीच उठून बसले." मग पारूबाईंचा आवाज खाली आला. "काय जरुरी निरोप हाय का, माय? कानात सांगते त्यांच्या."

"नाही, काही नाही. चालू द्या."

"बरं." पलीकडून फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. बंद करायचं पारूबाईंच्या लक्षात राहिलं नसावं. कपबशा वाजल्या, कोणीतरी लाकूड सारलं, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून, लांबून, एकट्या वीणेची तार आणि एका म्हाताऱ्या घोगऱ्या गळ्यातलं नाम ऐकू यायला लागलं. सूर पुरता लागत नव्हता. मध्येच तुटायचा, आणि पुन्हा चालू व्हायचा.

सुलेखाबाईंनी फोन ओट्यावर उभा करून ठेवला. सम्यकच्या डब्यासाठी परातीत कणीक घेतली, पाणी घातलं आणि मळायला लागल्या. फोन बंद करायला हवा होता, पण दोन्ही हात कणकेत होते.